दुसरी आवळणी

त्या शनिवारी आमच्या घरी पातोडीचा रस्सा व्हायचा होता, कारण भास्करदादा दुपारी जेवायला येणार होते. दादा म्हणजे माझी बायको रेखा हिचे सख्खे मोठे भाऊ, अकोल्याचे. भाऊ येणार म्हणून रेखाने सकाळी सातलाच बेसन घोटायला घेतलं होतं आणि मला नेहमीपेक्षा जास्त सूचना होत्या. सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणा, सुकलेला नको, जुडी हातात धरून पाहा. अमरावतीच्या आमच्या कॉलनीत भाजीवाल्याच्या गाड्यापाशी मी जुडी हातात धरून पाहत उभा होतो, तेव्हा सुमनवहिनींचा, म्हणजे दादांच्या बायकोचा, फोन आला. आवाज अगदी रोजचा. "जवाईबापू, हे गेले जी. चहाची कपबशी हातातच होती…" मागे कोणीतरी पाणी आणा म्हणत होतं. आणि मग त्याच आवाजात, "आन ती वलगावची गाडी राहिली."

मला वाटलं धक्क्याने काहीतरी बोलताहेत. घरी जाऊन रेखाला कसं सांगितलं ते इथे लिहीत नाही. एवढंच, की गॅस बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही, तो शेजारच्यांनी येऊन केला. वलगावची गाडी म्हणजे काय, हे मला दुपारी स्मशानातून परतल्यावर दादांच्या मुलाकडून, निलेशकडून कळलं. आदल्या दिवशी शुक्रवारी दादांनी वलगावच्या गणेशराव नावाच्या भाजीपाला पिकवणाऱ्या माणसाच्या एसयूव्हीला मोठी चाकं बसवून दिली होती. नवीन चाकं बसवली की शे-पन्नास किलोमीटर गाडी चालल्यावर त्यांचे नट पुन्हा एकदा मापात आवळावे लागतात. दादा त्याला दुसरी आवळणी म्हणत. त्यासाठी शनिवारी ते स्वतः एसटीने वलगावला जाणार होते आणि येताना आमच्याकडे जेवणार होते. त्यांची पत्र्याची पेटी दाराशी तयार होती. आणि गणेशराव सोमवारी सकाळी सात वाजता घरची आठ माणसं घेऊन चिखलदऱ्याला निघणार होते. वीस नट, आठ माणसं, एक घाट, आणि मधे फक्त एक रविवार.

ज्यांनी दादांना पाहिलं नाही त्यांना हे सगळं जरा अतीच वाटेल. मलाही वाटायचं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पृथ्वी किती अंशात कलली आहे हे मला झोपेतून उठवून विचारा, पण माझ्या गाडीची स्टेपनी कुठे असते हे गाडी घेतल्यावर चार महिन्यांनी कळलं. दादा बारावीपर्यंतही पोचले नव्हते. अकोल्याबाहेर मूर्तिजापूर रोडला त्यांचं चाकांचं दुकान, म्हणजे एक पत्र्याची शेड, पण आतली फरशी अशी की तिच्यावर पंगत बसवावी. तिथे दर्यापूर-तिवश्यापासून पोरं यायची, आपापल्या उंच गाड्यांना आणखी उंच करायला. दादा कोणाला हिणवत नसत. "हौस करा ना, कोन नाही म्हनते? फक्त गाडीले इचारून करा," म्हणायचे. गाडीला विचारायची त्यांची रीतही ठरलेली होती. आधी उकिडवे बसायचे आणि जुन्या टायरवरून तळवा फिरवायचे, आतून बाहेर, मग बाहेरून आत, डोळे मिटून. एकदा माझ्या टायरवरून असा हात फिरवला आणि म्हणाले, "जवाईबापू, तुमी वळन अर्धं झाल्यावर ब्रेक मारता." रेखा आठवडाभर हसत होती, कारण ती हेच बारा वर्षं सांगत होती आणि मी नाकारत होतो. तिचं मी ऐकलं नव्हतं. रबराने चुगली केल्यावर मात्र बोलायला जागा राहिली नाही.

आता माझा मोठा पराक्रम सांगतो. मागच्या अधिक महिन्यात मला अकोल्याला धोंडे जेवायचं बोलावणं होतं. आमच्याकडे या महिन्यात जावयाला देवाच्या जागी बसवतात. तेहेतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार आणि वर काहीतरी वाण. आणि त्या दिवशी जावयाने तोंडाने काही मागितलं तर घरच्यांनी नाही म्हणायची पद्धत नाही. इतक्या वर्षांत मी कधी काही मागितलं नव्हतं. ते काही चांगुलपणामुळे नव्हे, वेळेवर सुचत नसे म्हणून. त्या वर्षी सुचलं. मी नुकतीच एक जुनी एसयूव्ही घेतली होती आणि शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीला वीस इंची चाकं होती. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की माझी गाडी पायजमा आखूड झालेल्या माणसासारखी दिसायची. चौथा धोंडा संपवून, तुपाने निसरड्या झालेल्या जिभेने, सासूबाईंच्या समोर मी म्हटलं, "दादा, वाण म्हणून मला वीस इंची चाकं द्या." वाढणाऱ्या वहिनींचा हात तिथल्या तिथे थांबला. सासूबाई मात्र खूश झाल्या. "दे ना रे भास्कर. जवाई काय रोज मांगून राहिले का?" दादांनी ताटावरून मान वर केली नाही. "देतो ना," म्हणाले आणि भात कालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला सगळ्यांनाच दुकानावर नेलं, सासूबाईंसकट. "घरी तुमी जवाई," मला म्हणाले, "इथं तुमी डायवर. जवाईचं म्या काल ऐकलं. आज डायवरचं पाहू." दुकानातली दोन वीस इंची चाकं त्यांनी काढली, त्यांच्या टायरच्या कडांवर शाळेतला पांढरा खडू गच्च घासला आणि ती माझ्या गाडीला पुढे लावली. मी स्टिअरिंगवर, शेजारी रेखा, मागे सासूबाई वरची कडी दोन्ही हातांनी धरून, आणि डिकीत सोयाबीनच्या बियाण्याची दोन पोती. शेडच्या बाजूला एक खड्डा होता. तो कोणी मुरूम टाकून बुजवला की दादा पुन्हा उकरत, तो त्यांच्या कामाचा होता. "पुरं डावीकडे फिरवा. आता पुरं उजवीकडे. आता तसंच वळवून खड्ड्यातून काढा." खड्ड्यात गाडी बसली आणि आतून खर्र असा लांबलचक आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, "भास्कर, ही काय आंग खाजवून राहिली का रे?" मी म्हटलं, किरकोळ आहे, होईल सवय. दादांनी गाडी उचलून ठोकळ्यांवर घेतली, चाक काढलं आणि मला अधिक महिन्यात मिळालेल्या नव्या कोऱ्या कुडत्यासकट खाली झोपायला लावलं.

चाकाच्या खोबणीत, प्लास्टिकच्या अस्तरावर, खडूची एक पांढरी कमान उमटली होती. तिच्या शेजारून एक काळी रबरी नळी गेली होती. "हा ब्रेकचा पाइप," दादा म्हणाले. "पांढरं त्याच्यापासून किती दूर हाय? बोट लावून पहा." मी लावलं. एक बोट होतं, आणि माझी बोटं काही जाड नाहीत. मग तिथेच, जमिनीवर आडव्या पडलेल्या जावयाला त्यांनी त्या दिवशी जे शिकवलं तसं मला नोकरीच्या प्रशिक्षणातही कोणी शिकवलं नव्हतं. रिम मोठी करा, पण टायर धरून चाकाचा बाहेरचा घेर मूळच्या जवळपासच राहिला पाहिजे. घेर वाढला तर गाडी पळते जास्त आणि काटा दाखवतो कमी, आणि थांबवताना ब्रेकला तेवढा जास्त जोर लागतो. घेर तोच ठेवून रिम फार मोठी केली तर टायरची भिंत भाकरीएवढी उरते, मग आपल्याकडच्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांवर एका खड्ड्यात रिम वाकते. टायरच्या भिंतीवर वजनाचा आकडा असतो, तो कंपनीच्या टायरपेक्षा कमी असलेला टायर फुकट दिला तरी घ्यायचा नाही. चाकाचं मधलं भोक गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या मधल्या गोल भागावर, अंगठीसारखं बसलं पाहिजे, सैल असेल तर मधे कडं घालायचं, नुसत्या नटांच्या भरवशावर चाक टांगायचं नाही. स्टेपनी त्याच घेराची हवी. आणि बदल केला की विमावाल्यांना कळवायचं, आरटीओत काय चालतं ते आधी विचारायचं. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी अगदी आदराने विचारलं, "मंग? देऊ ना वीस? तुमी म्हनान तसं." नाही हा शब्द जावयाला उद्देशून त्यांच्या तोंडून निघायचा नव्हता, म्हणून त्यांनी तो माझ्या तोंडून काढून घेतला. पाठीला फरशीचा गारवा लागत होता आणि डोक्यावर ते बोटभर अंतर दिसत होतं… मी म्हटलं, "दादा, तुम्हाला योग्य वाटेल ते."

त्यांनी फक्त एक इंच वाढवून दिला. वाणाची चाकं दिसायला देखणी होती, पण अमरावतीला आल्यावर शेजारच्या डॉक्टरांना मला स्वतःहून सांगावं लागलं की चाकं बदलली आहेत. ते म्हणाले, "हो का, मला वाटलं धुतली."

निघताना दादा म्हणाले होते, परवा अकोल्याकडे फिरवा गाडी, दुसरी आवळणी करून देतो. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. नट एकदा आवळले म्हणजे आवळले, हा माझा भूगोल. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दात घासत गॅलरीत आलो तर फाटकाशी दादा उभे, हातात पत्र्याची पेटी, पहाटेच्या एसटीने आलेले. "परवा या म्हनलं होतं," ते म्हणाले. मी तोंडातल्या फेसासकट म्हटलं, "अहो, विसरलो." "म्या नाही इसरलो," म्हणाले, आणि चहाही न घेता गाडीपाशी बसले. पेटीत लांब दांड्याचा पाना होता. त्याला मापाचा आकडा लावून ठेवला की तेवढा जोर झाल्यावर तो टिक् असं म्हणतो, मग तिथेच थांबायचं, पुढे एक केस नाही. पहिला नट टिक्, दुसरा टिक्. समोरच्या डाव्या चाकाला ते थांबले आणि मला बोलावून माझा हात दांड्यावर ठेवला, त्यावर त्यांचा. पाना लगेच टिक् म्हणाला नाही. आधी जरासा गेला, पुसटसा, कोणी झोपेत कूस बदलावी तसा, आणि मग टिक्. ते जाणं माझ्या मनगटापर्यंत आलं. मी विचारलं, "ढिला होता?" दादा म्हणाले, "ढिला नव्हता. होनार होता."

त्या दिवसापासून मी या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. आपण सगळे झालेल्या गोष्टींची काळजी करतो. हा गृहस्थ व्हायच्या असलेल्या गोष्टीच्या आदल्या दिवशी एसटीचं तिकीट काढून तिच्या दाराशी उभा राहत होता, आणि ती झालीच नाही म्हणून कोणाला काही कळत नव्हतं. गिऱ्हाईक परत आलं नाही तर दादा जात. कुठेही. एकदा तिवश्याच्या एका नवरदेवाने वरातीची गाडी सजवायच्या आधी चाकं बदलून नेली आणि तो लग्नाच्या गडबडीत फिरकला नाही. दादा थेट मांडवात गेले. गाडी झेंडूने मढलेली, बँड सुरू झालेला, आणि हे गाडीखाली. नवरीकडच्यांना वाटलं चोर आहे. दोघांनी पाय धरून बाहेर ओढलं तर म्हणाले, "अजून तीन नट राहिले, मंग मारा." नवरदेवाने ओळखलं म्हणून वाचले. घोड्यावरून उतरून तो पाया पडला आणि जेवल्याशिवाय जाऊ देईना, तर यांचं एकच, की आधी हात धुवायला साबण दाखवा. ही गोष्ट मी नंतर शंभर ठिकाणी सांगितली, दर वेळी थोडं मीठमिरची लावून, आणि दर वेळी लोक हसले. एका गोष्टीचा मात्र मी कधी विचार केला नाही. एवढी सोय फोनवर सांगून होण्यासारखी असताना हा माणूस स्वतः का जातो? ते मला रविवारी कळलं.

रविवारी सकाळी राख सावडून आलो. घर माणसांनी भरलेलं. वहिनी शनिवारपासून रडल्या नव्हत्या. रेखा आणि बाकीच्या बायका त्यांना रडवायचा प्रयत्न करून थकल्या होत्या. वहिनींनी मला मागच्या अंगणात बोलावलं आणि म्हणाल्या, "बापू, त्या गाडीचं पहा ना जी." मी समजूत घातली, गणेशरावांना फोन करून सांगू, तिथल्याच कोणाकडून आवळून घ्या म्हणू. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं. लग्नाआधीची गोष्ट. दादांचं तेव्हा दर्यापूरला स्टँडजवळ पंक्चरचं दुकान होतं. एका काळी-पिवळी जीपला त्यांनी नवी चाकं लावून दिली, पान्यावर उभं राहून, शरीराचा सगळा भार देऊन आवळली. नव्या चाकाच्या भोकावर रंगाचा थर असतो, तो दोन दिवसांत दबतो आणि नट आपोआप सैल पडतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी चाक निघालं. जीप पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात गेली, उलटली नाही, कोणी मेलं नाही. एका बाईचा हात मोडला. ती रोज त्या जीपने शिवण शिकवायला जायची. "चाक जीपच्या पुढं पयत गेलं म्हनत," वहिनी म्हणाल्या, "जीप थांबली तरी ते थांबे ना. हे झोपीत सांगत मले. चाक पयून राहिलं, पयून राहिलं…" प्लास्टर निघेपर्यंत दादा रोज त्या बाईच्या घरी पाणी भरायला गेले. ती बरी झाली, शिवायलाही लागली, पण सुईत दोरा मात्र तिला कोणाकडून तरी ओवून घ्यावा लागे. मग वहिनी म्हणाल्या, "काल उठल्याबरोबर पेटी भरली यांनी. चहा मांग ठेवला. वलगाव बाकी हाय म्हने."

आम्ही गणेशरावांना फोन लावला. तो लागत नव्हता. शेतात असतील. तासाभराने त्यांच्या आईने उचलला, त्यांना ऐकायला कमी. गाडीचं म्हणता त्यांनी एवढंच सांगितलं, की हो हो, उद्या सातले निघतो जी, लेकी-नातवंडं समदे. निलेश म्हणाला, रस्त्यावरचा माणूस मशीनने आवळेल, मशीनला माप कळत नाही, जास्त आवळला तर बोल्टच ताणून जातो. आवळायचं तर याच पान्याने. मग जा ना तू, म्हणेपर्यंत माझं मलाच कळलं. त्याचं डोकं भादरलेलं होतं, अंगावर पंचा, दहा दिवस त्याला उंबरा ओलांडायचा नव्हता. काका, चुलतभाऊ, सगळ्यांना सुतक. सबंध घरात एकच माणूस असा होता ज्याला सुतक लागत नव्हतं, कारण तो दुसऱ्या कुळातला होता. जावई. आयुष्यात एक स्क्रूसुद्धा जो दोन्ही दिशांना फिरवून पाहिल्याशिवाय आवळू शकला नाही तो. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. "तुमाले चालते जी," म्हणाल्या.

निलेशने मला शिकवलं ते सतरंजीवर बसून, एका स्टीलच्या ताटलीवर पाच बदाम मांडून. "मामाजी, रांगेनं नाही जायचं. हा, मंग हा समोरचा, मंग हा. चांदनी काढल्यासारखं. म्हंजे चाक सारखं बसते." आत्याच्या नवऱ्याला तो मामाजी म्हणतो. मी दोनदा चुकलो. एकदा शेजारच्या बदामावर गेलो, एकदा घाबरून एक बदाम खाल्ला. तो हसला, शनिवारपासून पहिल्यांदा, आणि मग लगेच ओठ मिटून घेतले. गाडी जमिनीवर उभी हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, टिक् झालं की पुन्हा दाबायचं नाही, आणि पान्याचा आकडा बाबांनी शुक्रवारी लावून ठेवला आहे, त्याला हात लावायचा नाही. शेवटी म्हणाला, "झाल्यावर पेटीत बाटली हाय लाल, नटावरून चाकावर रेघ मारा." मी पेटी घेतली आणि अकोल्याहून निघालो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा अमरावतीपर्यंत एकाही वळणावर ब्रेक मारला नाही. आधी मारला, मग वळलो.

वलगावला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मेथीच्या वाफ्यांच्या पलीकडे घर, अंगणात ती गाडी, मोठ्या नव्या चाकांवर उभी, धुऊन पुसून तयार. टपावर दोन चटया बांधलेल्या. गणेशराव वाफ्यातूनच ओरडले, "दादा नाही आले? काल वाट पाहिली म्या." आधी काम करावं, मग सांगावं, असं मी वाटेत ठरवलं होतं. पण त्यांनी पेटी ओळखली, माझं तोंड पाहिलं आणि खुरपं खाली ठेवलं. मी सांगितलं. ते वाफ्याच्या कडेला बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "शुक्रवारी त्यायनं माह्या आईचं वजन इचारलं होतं. समद्यायचं इचारलं. कोन कुठं बसनार ते बी." मग मी गाडीपाशी बसलो आणि घरातली आठही माणसं, लहान-मोठी, माझ्याभोवती उभी राहिली. त्यांच्यापैकी एकाला तरी माझ्या बदामांबद्दल माहीत असतं तर ती सगळी उद्या बसने गेली असती.

पहिलं चाक, पाचही टिक्. दुसरं, पाचही. तिसरं झालं तेव्हा मला वाटायला लागलं, की दादांचा हात शुक्रवारी इतका पक्का होता की मी नुसताच आलो. चौथ्या चाकाचे दोन टिक् झाले. तिसऱ्याला पाना टिक् म्हणाला नाही. जरासा गेला… पुसटसा. मग टिक्. कोणाला काही कळलं नाही, पोरं एकमेकांना ढकलत होती. मी मात्र दांडा धरून तसाच बसून राहिलो. माझ्यासमोर तो नट होता आणि शेजारी त्या माणसांचे पाय, एका लहान मुलीच्या पायात एकच पैंजण. उरलेले दोन मी कसे आवळले ते आठवत नाही. पेटीतली लाल बाटली काढली तर ती नेलपॉलिशची निघाली. छोट्या ब्रशने नटाच्या पाकळीवरून खाली चाकापर्यंत एक रेघ, म्हणजे नट उद्या केसभरही फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. माझ्या गाडीच्या नटांवरही अशाच वीस लाल रेघा होत्या. मी त्यांचं खापर माझ्या लेकीवर फोडलं होतं, आणि गाडीवर नेलपॉलिश लावतात का म्हणून तिला चांगलं फैलावर घेतलं होतं. त्या संध्याकाळी तिला फोन करून माफी मागितली. तिने विचारलं, "बाबा, कशाबद्दल?"

गणेशराव म्हणाले, उद्याचं रद्द करतो, बरं दिसत नाही. मी म्हटलं, असं करू नका, तुम्ही जावं म्हणूनच ते काल उठले होते. सोमवारी मी कॉलेजात होतो आणि वर्गात भूकंप शिकवताना दर पाच मिनिटांनी फोन पाहत होतो. पाचच्या सुमारास आला. "उतरलो जी घाट. समदे घरी." मी लगेच अकोल्याला वहिनींना सांगितलं. फोन कोणीतरी खाली ठेवला, चालूच राहिला, आणि मला इकडे त्यांचं रडणं ऐकू यायला लागलं. मी बंद केला नाही. बराच वेळ धरून बसलो.

तेरवीला पेटी परत द्यायला नेली. वहिनींनी ती उघडली, पाना पुसला, नेलपॉलिशची बाटली उजेडात धरून उलटी केली. आतलं सुकलेलं, जागचं हललं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं, की नव्या नवरीपणी त्यांनी हौसेने आणलेली बाटली दादांनी नटांसाठी पळवली होती, त्यावरून दोघांत आठ दिवस अबोला झाला होता, आणि तेव्हापासून दादा दर वेळी दोन आणत, एक पेटीला, एक वहिनींना. "म्या कवा लावली नाही," त्या म्हणाल्या. "शेणामातीत हात. पन ते आनायचेच." त्या आत गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. आल्या तेव्हा हातात भरलेली बाटली होती, लाल, झाकणावरची पट्टीसुद्धा न फोडलेली. ती त्यांनी पान्याच्या शेजारी आडवी ठेवली, हलू नये म्हणून खाली फडक्याची घडी घातली, पेटी लावली आणि माझ्याकडे सरकवली. "बुधवारी बडनेऱ्याची गाडी हाय," म्हणाल्या. "निलेश चाकं बसवून देईन. दुसरी आवळणी तुमी पहा."